एकेचाळिसावा पाणवठा

‘अरण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचे ज्ञान ही राष्ट्राची ठेव आहे, आणि ती ठेव त्याच्याबरोबर मातीत जाऊ न देणे हे प्रत्येक कचेरीचे पवित्र कर्तव्य आहे.’

हे वाक्य माझे आहे. खाली सही साहेबांची, पण वाक्य माझे, ‘पवित्र’ हा शब्दसुद्धा. ते मला अजूनही खोडावेसे वाटत नाही. अडचण एवढीच, की ज्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर ते आहे, त्याच रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मी एक थाप मारलेली आहे. त्या थापेपायी एका माणसाची नोकरी गेली. तो माणूस मी नव्हे.

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण. दुसरे असेल तर मला ठाऊक नाही.

चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. जमीनदाऱ्या नुकत्याच गेल्या होत्या आणि अहेरीच्या खालच्या अंगाचे पुष्कळ जंगल सरकारकडे आले होते. जंगल आले, पण त्याची माहिती आली नाही. नकाशे होते, पण त्यांत नाले डोंगरावर चढत होते. खरी माहिती होती जमीनदारीतल्या जुन्या नाकेदारांच्या डोक्यात. नाकेदार म्हणजे जंगलाचा पहारेकरी, खाकी कोट आणि पितळी बिल्ला लावून रोज दहा-बारा मैल चालणारा. सरकारने त्यांना जंगलाबरोबर ठेवून घेतले. त्यांच्याबरोबर वर्धा-भंडाऱ्याकडची नवी पोरेही भरती केली. ही पोरे लिहिणारी-वाचणारी होती आणि जंगलात शिरली की हरवत होती.

मी रेंज कचेरीत, म्हणजे रेंजरसाहेबांच्या हाताखाली, कारकून होतो. वय चोवीस. नागपूरहून पुस्तकांची एक ट्रंक घेऊन आलो होतो आणि त्या ट्रंकेच्या जोरावर स्वतःला इतरांपेक्षा वेगळा समजत होतो. कचेरीत तेव्हा एकोणीस रजिस्टरे होती. विसावे होते रजिस्टरांचे रजिस्टर. मी त्याची थट्टा करत असे, आणि ते अद्ययावतही ठेवत असे.

अशा कचेरीत साहेबांना एकविसाव्या रजिस्टरची कल्पना सुचावी यात नवल नव्हते. नवल हे, की ती कल्पना चांगली होती. उन्हाळ्यात जंगलात पाणी कुठे मिळते, किती आणि कुठवर टिकते, हे जुन्या नाकेदारांकडून उतरवून घ्यायचे. त्याच्या प्रती करून प्रत्येक नाक्यावर ठेवायच्या. वैशाखात आग विझवायला माणसे धाडायची ती अंदाजाने नव्हे, कागद बघून. अशा दिवसांत पाणी तीन मैल पुढे आहे की मागे, यावर माणूस परत येईल की नाही हे ठरते. मला थाटामाटाचा मनापासून कंटाळा आहे—पण या एका गोष्टीत थाट नव्हता. तो आम्हीच नंतर घातला.

साहेबांनी माझ्या हाती छापील तक्ते दिले. रकाने चार: ठिकाण, अंतर, गॅलन, शेरा. आणि माणूस दिला रैनू तलांडी.

रैनूभाऊ पन्नाशी उलटलेले गोंड नाकेदार. किडकिडीत, बुटके, एका कानात बाळी. पहिल्या दिवशी मी त्यांना कचेरीत खुर्चीवर बसवले, टाक शाईत बुडवला आणि विचारले, ‘हं, सांगा, पहिला पाणवठा कोणता?’

त्यांनी चारी भिंतींकडे पाहिले. मग म्हणाले, “इथी कसा सांगू जी? इथी नाला कुठी आहे?”

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, ‘माहितगार सहकार्य करत नाही.’ माझे त्या रजिस्टरातले हे पहिले खोटे. पण ते मी दुसऱ्याच आठवड्यात खोडले, म्हणून ते धरत नाही.

कारण दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्यामागून चालत होतो. आणि काय सांगू—खुर्चीवरचा तो मुका माणूस नाल्यात उतरला की सुटायचा. कोरड्या वाळूतून चालता चालता थांबायचा. का? तर उंबराची पाने काठावरच्या इतर झाडांपेक्षा थोडी ताठ होती. रानडुकराने रात्री एका जागी नाक खुपसले होते. पाकोळ्या कुठे खाली येतात ते बघायचा, मूठभर वाळू काढून गालाला लावायचा आणि म्हणायचा, “हातभर.” हातभर खणले की पाणी. मी पुष्कळ विद्वान माणसे ऐकली आहेत. एकही वाक्य जास्त न बोलणारा विद्वान मी तो एकच पाहिला.

वाळूत खणलेल्या अशा पाझराला तिकडे झिरा म्हणतात. वाळू ढासळून झिरा बुजतो, म्हणून रैनूभाऊ बांबूची बिनबुडाची टोपली विणून आत बसवीत. पाणी टोपलीत येई, वाळू बाहेर राही. वर जांभळीचे डहाळे टाकत, डाव्या बाजूला हरणाच्या जिभेपुरती जागा उघडी ठेवून. ही टोपलीची युक्ती त्यांची स्वतःची होती. दुसऱ्या कोणाला ती करताना मी पाहिले नाही.

त्यांचा एक नियम होता. प्यायल्याशिवाय लिहायचे नाही. मी वही काढली की ते भोपळ्याचा तुंबा भरून पुढे करत. “पेले का? मंग लिवा.” त्यातले काही पाणी मी आज गुराला पाजणार नाही. पण प्यायलो. पाण्याचे माप ते माणसांत आणि दिवसांत सांगत: “दहा मानसं, तीन दिवस. मंग झोंबते.” झोंबते म्हणजे पोटात कळ येते. साहेबांना गॅलन हवे होते. मी माणसांना दिवसांनी गुणले, एका पुस्तकातल्या आकड्याने पुन्हा गुणले आणि गॅलन काढले. साहेब म्हणाले, या रकान्यामुळे रजिस्टर शास्त्रीय दिसते. दिसत होते खरे.

तीन आठवड्यांत चाळीस पाणवठे झाले. चाळीसही प्यायलेले. ही चाळीस पाने मी आजही कोणापुढेही ठेवीन.

आता एकेचाळिसावा. आलोच आहे तर सांगायला हवे, नाही का?

शेवटचे ठिकाण होते येरमेट्टा. एका टेकडीच्या खांद्याखालचा नाला, आमच्या रेंजच्या टोकाला. आम्ही रैनूभाऊंच्या पाड्यात मुक्कामाला होतो, तिथून सात मैल. माझ्या टाचा सोलल्या होत्या. ताप होता—म्हणजे सकाळी होता, दुपारी उतरला होता, आणि तो उतरल्याचे मी कोणाला बोललो नाही. रैनूभाऊ म्हणाले, त्या बाजूला ते स्वतः चार वर्षांत गेलेले नाहीत. कधी पाणी असते, कधी नसते. जाऊन पाहू.

मी म्हणालो, माझ्याने होत नाही. तुम्हीच सांगा, मी लिहितो.

“न पाहता कसा सांगू, बाबू?” ते म्हणाले. “पान रिकामं राहू द्या ना. रिकामं पान कोनाले मारत नाई.”

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो.

कचेरीत मी चाळीस पाने सुवाच्य अक्षरात उतरवली आणि एकेचाळिसाव्यापाशी अडलो. वर ठिकाणाचे नाव, खाली कोरे. नागपूरहून आमच्या साहेबांहून मोठे साहेब पाहणीला यायचे होते. कोरे पान म्हणजे ‘हे का राहिले?’ हा प्रश्न, आणि त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे माझ्या टाचा. शिवाय मी वाचलेला माणूस. ट्रंकेत एक गोंडी शब्दांची पुस्तिका होती. येर म्हणजे पाणी, मेट्टा म्हणजे टेकडी. ज्या जागेच्या नावातच पाणी, तिथे पाणी नसेल कसे? रैनूभाऊंना ही पुस्तिका वाचता येत नव्हती, म्हणून त्यांना जाऊन बघावे लागत होते. मला बसल्या जागी कळले.

मी लिहिले: ‘बारमाही. पंधरा माणसांना पुरेल.’ आणि शेऱ्यात, रकाना रिकामा दिसू नये म्हणून: ‘पाणी गोड.’

बारमाही हा अंदाज म्हणता येईल. पंधरा ही बेपर्वाई. पण ‘गोड’? जे मी तोंडाला लावले नाही ते गोड? तो शब्द लिहिताना हात थांबला नाही, हे मला स्वच्छ आठवते.

रजिस्टर गाजले. कापडी बांधणी, नऊ प्रती, प्रत्येक नाक्यावर एक. मोठ्या साहेबांनी भाषण केले, त्यात ‘ज्ञानाचे वितरण’ असे शब्द होते. मला वरची जागा मिळाली. रैनूभाऊंना त्या समारंभात गॅसबत्त्या धरायला उभे केले होते. आणि गंमत अशी, की रजिस्टर खरोखर उपयोगी पडू लागले. नवी पोरे त्याच्यावर भरवसा ठेवून आत शिरत आणि धड बाहेर येत. येऊन म्हणत, “बाबू, तुमचं बुक एकदम बरोबर आहे जी.” चाळीस वेळा बरोबर असलेल्या गोष्टीवर माणूस एकेचाळिसाव्यांदा डोळे मिटून भरवसा ठेवतो. माझे एक पान खोटे होते, आणि त्याला वजन रैनूभाऊंच्या चाळीस पानांचे होते.

त्या हिवाळ्यात एका नाक्यावर कोणीतरी रैनूभाऊंना ते सबंध वाचून दाखवले. हौसेने, तुमच्या नावाचे बुक म्हणून. काही दिवसांनी ते कचेरीत आले. माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

“बाबू, येरमेट्टा लिवलं म्हन्तेत. गेल्ते का तुमी?”

मी म्हणालो, “हो. नंतर जाऊन आलो.”

“पेले?”

“प्यायलो.”

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मूठभर वाळू गालाला लावून बघायचे ना, तसे. मग “बरं जी” म्हणाले आणि गेले.

मी त्यांना फसवू शकलो असे मला एक क्षणही वाटले नाही. येरमेट्ट्याला जायची वाट एकच, त्यांच्या पाड्यातून. माझ्या टाचांचे ठसे तिथली पोरेसुद्धा ओळखत होती.

पुढच्या वैशाखात त्यांच्याविरुद्ध पहिला अहवाल आला. रैनू तलांडी चार दिवस बीटवर, म्हणजे आपल्या पहाऱ्याच्या हद्दीत, नाही. आगीच्या दिवसांत नाकेदाराला रजा नसते. गैरहजेरी म्हणजे थेट कारवाई. खुलासा मागवला. त्यांनी तोंडी दिला, मीच उतरवून घेतला: “कामाले गेलो होतो.” कोणत्या कामाला? “पान्याच्या.” रेंजर हसले. घरचे पाणी भरायला चार दिवस लागतात काय, म्हणाले. मी हसलो नाही. पण बोललोही नाही. मला तेव्हा ठाऊक नव्हते—असे म्हणावेसे वाटते. ठाऊक करून घ्यायचे नव्हते, हे जास्त बरोबर.

त्याच्या पुढच्या वर्षी येरमेट्ट्याच्या वर आग लागली. बावणे नावाचा नवा नाकेदार दहा गडी घेऊन गेला, रजिस्टर काखेत मारून. पान एकेचाळीस: बारमाही, पंधरा माणसे, गोड. त्यांनी जवळचे पाणी पहिल्या दिवशीच संपवले. पुढे आहेच म्हणून.

ते चार दिवस मी कसे काढले ते सांगून तुमची सहानुभूती मिळवणार नाही. जेवलो, झोपलो, फायली काढल्या.

पाचव्या दिवशी बावणे कचेरीत आला. ओठ फाटलेले, भुवया जळलेल्या. आल्या आल्या त्याने माझे पायच धरले. मी घाबरून उठलो.

“बाबू, तुमच्या बुकानं वाचोलं आमाले! नाला पाह्यला तं खडखडीत कोरडा. मी म्हनलं, मेलो आता. गडी मलेच शिव्या देऊन राह्यले, कागदाच्या भरोशावर आनलं म्हनून. अन् वळणावर पाह्यतो तं काय—डहाळे टाकून झिरा! कंबरभर खोल. आत टोपली बसवली, बिनबुडाची. अकरा मानसं दोन दिवस पेलो जी!”

“पाणी कसं होतं?” हे मी विचारले. दुसरे काही सुचले नाही.

“गोड,” बावणे म्हणाला. “लिवलं तसंच.”

सगळी कचेरी उठून माझ्याभोवती आली. रेंजरांनी पाठ थोपटली. बावणेचे म्हणणे, झिरा पाड्यातल्या कोणीतरी खणला असेल. कोणी ते मी जाणत होतो. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात त्याच आठवड्याचा दुसरा अहवाल पडला होता. रैनू तलांडी पुन्हा बीटवर नाही, चार दिवस.

कळते ना तुम्हाला? ते रजिस्टर खोडू शकत नव्हते. लिहिता येत नव्हते आणि बाबूच्या शब्दापुढे त्यांचा शब्द कोणी धरला नसता. नऊ नाक्यांवर नऊ प्रती होत्या. कागद दुरुस्त करणे त्यांच्या हातात नव्हते, म्हणून त्यांनी नाला दुरुस्त केला. पावसाळ्यात पूर येई, झिरा बुजे. उन्हाळ्यात पुन्हा जायचे, पुन्हा कंबरभर खणायचे, नवी टोपली विणायची. माझे खोटे ते दरसाल खरे करून ठेवत होते.

त्या वेळी माझ्याभोवती सात-आठ माणसे उभी होती. एक वाक्य पुरले असते. ‘तो झिरा रैनूभाऊंचा आहे, मी तिथे कधीच गेलो नव्हतो.’ मोजून पाहिले आहे मी, नऊ शब्द होतात. पाठीवर रेंजरांचा हात होता. मी म्हणालो, “चला, बरे झाले.”

आणि त्याच शनिवारी मी कारवाईचा कागद लिहिला. सवयीची गैरहजेरी, समाधानकारक खुलासा नाही, आगीच्या काळात कर्तव्यात कसूर. भाषा चांगली होती. माझी भाषा नेहमीच चांगली असे. वरून हुकूम आला, नोकरीतून कमी करावे. जमीनदारीतली धरून त्यांची अठ्ठावीस वर्षे झाली होती.

पट्टा आणि बिल्ला जमा करायला ते आले तेव्हा कचेरीत मी एकटा होतो. बिल्ला घासून आणला होता. मी पोच लिहिली, त्यांनी अंगठा उठवला. मला वाटले, आता काहीतरी बोलतील. शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते, म्हणूनच बहुधा दिल्या नाहीत. नाही, हेही माझेच. ते माझा विचार करतच नव्हते.

ते चार्ज देत होते.

“आयका बाबू. होळी झाली का एकदा जावं लागते, अन् मोहाची फुलं सरली का आखीन एकदा. वळणावर उंबर आहे, त्याच्यापासून सात पावलं, सूर्य निंगते तिकडे. आंधी टोपली विनून न्या, तथी बांबू नाई. जुनी टाकू नोका, सडून पानी नासते.” मग म्हणाले, “पोरं कागद पाहून जाते ना जी. त्याईले काय मालूम.”

मी विचारले, “रैनूभाऊ, तुम्ही साहेबांना सांगितले का नाही?”

“काऊन सांगू? सांगून पानी येते का?”

एवढे बोलून ते पायऱ्या उतरून गेले. इतका स्वच्छ, इतका पूर्ण चार्ज मला नंतरच्या तीस वर्षांत कोणत्याही अधिकाऱ्याने दिला नाही. माझ्यापुढे दौत होती, टाक होता, कोरा तक्ता होता. ज्या कामासाठी ते सगळे रजिस्टर निघाले, ते काम तेव्हा माझ्या टेबलापाशी आपल्या पायांनी चालत आले होते. मी एक अक्षर लिहिले नाही. होळी, मोह, उंबर, सात पावले—हे लिहायचे म्हणजे आधीचे पान खोडायचे.

होळीच्या आधी माझी बदली झाली. मी बदलीचा अर्ज केला होता, हेही सांगून टाकतो. येरमेट्ट्याला मी त्या साली गेलो नाही, नंतरही नाही. माझ्या जागी आलेल्या बाबूला मी रजिस्टर दिले, पोच घेतली, पान एकेचाळीसबद्दल काही बोललो नाही. पुढे तिकडे कोण गेले, काय झाले, मी कधी विचारले नाही. रैनूभाऊ त्यांच्या पाड्यात परतले एवढे कानावर आले. ते अजून जातात का, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही.

नवी कचेरी चांद्याला होती. तिथे माठ भरायला एक स्वतंत्र पाणक्या नेमलेला होता. त्याची हजेरी मी मांडत असे. वर्षभरात एकही खाडा नव्हता.